बगळा खरा, बाकी सगळं तपासून घ्या : एका जुन्या रॅलेचं मॉडेल शोधताना

एप्रिल, दुसरा शनिवार

साठ डॉलरला सायकल घेतली. न्यू जर्सीत सॉमरविलजवळच्या एका गराज सेलमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे भिंतीला टेकून उभी होती. खाली वळलेलं हँडल, सत्तावीस इंची चाकं, दहा गिअर, ब्रशने फासलेला काळा रंग. आणि पुढच्या नळीवर रॅले या इंग्लिश सायकल कंपनीचा बगळा. तो दिसला तेव्हाच माझी घासाघीस करायची ताकद संपली होती. मिरजेला बाबांची रॅले होती, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली, तिच्यावरही हाच बगळा. लहानपणी दर रविवारी तो खोबरेल तेलाने पुसायचं काम माझ्याकडे होतं.

विकणारे आजोबा म्हणाले, "ही रॅले प्रोफेशनल. माझ्या मेव्हण्याने सॉमरविलच्या रेसमध्ये पळवलेली." सॉमरविलची रेस 1940 पासूनची, मेमोरियल डेला होते. या भागात खाली वळलेल्या हँडलची प्रत्येक जुनी सायकल त्या रेसमध्ये धावलेली असते, जसा कोल्हापुरात प्रत्येक म्हातारा पैलवान खासबागेत कुस्ती मारून आलेला असतो. मी मान डोलावली आणि पैसे दिले.

त्याच रात्री

प्रोफेशनल असेल तर लॉटरीच. रॅलेने 1960 मध्ये कार्लटन कंपनी घेतली आणि त्यानंतर रॅलेच्या चांगल्या रेसिंग सायकली कार्लटनच्या वर्कसॉपच्या कारखान्यात बनू लागल्या. प्रोफेशनल, इंटरनॅशनल, कॉम्पिटिशन ही त्या घराण्यातली नावं. साध्या, खपाच्या सायकली नॉटिंगहॅमच्या मोठ्या कारखान्यातून यायच्या. म्हणजे पहिला प्रश्न मॉडेलचा नाहीच, गावाचा आहे : वर्कसॉप की नॉटिंगहॅम?

सीटखालच्या नळीवर स्टिकर आहे : रेनॉल्ड्स 531, बटेड नळ्या, चिमटा (पुढचं चाक धरणारा) आणि मागच्या काड्यांसकट. 531 हे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचं 1935 सालचं मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद. बटेड म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ ओढलेली नळी. जोडाजवळ ताकद हवी, मध्ये वजन नको. स्टिकर खरं असेल तर आजोबाही खरे.

पण स्टिकर काळ्या रंगाच्या वर चिकटवलंय आणि रंग घरी मारलाय. असली स्टिकरं आज नवी कोरी विकत मिळतात. रंगाच्या वरच्या कागदाची साक्ष मी धरत नाही.

रविवार

मागचं चाक काढलं. ते जिथे बसतं त्या चकत्या, म्हणजे ड्रॉपआउट, बघितल्या. प्रोफेशनलवर तिथे कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचे घडीव, जाड तुकडे असायला हवेत, वर नाव कोरलेलं. माझ्या सायकलवर पत्र्यातून ठोकून कापलेल्या सपाट चकत्या आहेत, बिननावाच्या. इथेच आजोबांचा मेव्हणा माझ्यासाठी रेसमधून बाद झाला.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, पोलादी, कॉटरवाला, म्हणजे आडव्या खिळीने आकीवर बसवलेला. प्रोफेशनलवर कॉटर? छे! पण क्रँक कोणीही बदलू शकतो, म्हणून हा पुरावा फक्त वहीत लिहून ठेवला.

मागचा गिअर सनटूरचा, व्ही-जीटी. त्याच्या आतल्या बाजूला दोन बारीक अक्षरं ठोकलेली असतात. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर क्यू आणि एच दिसली. सनटूरच्या हिशेबात पहिलं अक्षर वर्षाचं : के म्हणजे 1968, तिथून एकेक अक्षर पुढे, म्हणून क्यू 1974. दुसरं अक्षर महिन्याचं, ए जानेवारी, म्हणजे एच ऑगस्ट. गिअर ऑगस्ट 1974 चा. पण नळीवरचे गिअरचे खटके मात्र सिम्प्लेक्सचे, फ्रेंच. जपानी गिअर आणि फ्रेंच खटके हे लग्न कारखान्यात झालेलं नसावं. सिम्प्लेक्सचा प्रेस्टीज गिअर डेलरिन नावाच्या प्लास्टिकचा असायचा आणि काही वर्षांत तडकायचा. लोक तो काढून सनटूर बसवत. माझ्या आधी कुणीतरी तेच केलं असणार, आणि चांगलंच केलं.

म्हणजे 1974 ही गिअरची तारीख झाली, सायकलची नव्हे. नव्याने या छंदात आलेले नेमकं इथे फसतात. पान्ह्याने जे निघतं ते बदललेलं असू शकतं, म्हणून मी फ्रेमला विचारतो.

पुढचा शनिवार

सायकल उलटी केली, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलची आक आणि ती जिथे फिरते ते फ्रेमचं नळकांडं) खालचा काळा रंग थिनर आणि जुन्या टूथब्रशने काढला. आत गडद हिरवा निघाला. त्याच्याखाली नंबर : एन, बी, 3, मग आकडे.

1973 पासूनचा रॅलेचा नंबर वाचायला सोपा आहे. पहिलं अक्षर कारखान्याचं : डब्ल्यू वर्कसॉप, एन नॉटिंगहॅम. दुसरं महिन्याचं, पण मधली काही अक्षरं गाळलेली : ए जानेवारी, बी फेब्रुवारी, डी मार्च. तिसरा आकडा वर्षाचा शेवटचा. म्हणजे नॉटिंगहॅम, फेब्रुवारी, 1973 किंवा 1983. दशक सांगायची सोय त्यांनी ठेवलेली नाही. कॉटरचा क्रँक, सिम्प्लेक्सचे खटके आणि 1974 चा बदली गिअर बघता 1983 बसत नाही. अमेरिकेत तेव्हा सायकलीचं वेड शिगेला होतं, 1973 मध्ये दीड कोटीच्या आसपास सायकली खपल्या, मोटारींपेक्षा जास्त. दहा गिअरची इंग्लिश सायकल दारात असणं ही तेव्हाची ऐट होती. त्यातली बरीच आज अशीच गवताच्या यंत्रामागे सापडते.

मे, पहिला आठवडा : माझी चूक

नंबर मिळाल्यावर मी शेफारलो. बीबीत खडखड होती, म्हणून नवीन सीलबंद बीबी मागवला, नेहमीचा इंग्लिश आट्यांचा. छर्रे बसतात ते जुने कप काढायचे तर आधी कॉटर काढायला हवेत. एक निघाला, दुसरा जाम. बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"हातोडी नुसती मारू नकोस," बाबा म्हणाले. "क्रँकखाली पाइप उभा कर, जमिनीपर्यंत. नाहीतर तुझा मार छर्ऱ्यांना बसतो आणि कपात खळगे पडतात. नट अगदी काढू नकोस, टोकाशी सैल ठेव, आटे वाचतील. आणि मारायचं तर एकदाच, मनापासून."

"बाबा, कॉटर वाकला तर?"

"वाकू दे. कॉटर चार आण्याचा, आक महाग."

एका घावात निघाला. वाकला, ते ठीक.

मग नवीन बीबी फिरवायला घेतला. डाव्या बाजूने दीड फेरा छान गेला आणि घट्ट झाला. मी जरा जोर लावला. थोडं गेल्यावर हाताला जे जाणवलं ते आटे कापले जातायत असं होतं, आणि मी थांबलो. देवाची कृपा म्हणायची.

नेहमीच्या इंग्लिश बीबीला इंचात 24 आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेला 26. व्यास सारखाच, म्हणून तोंडाशी बसतो आणि मग अडकतो. खात्री करायला चिमटा काढला, त्याच्या वरच्या दांडीच्या आट्यांवर पातळ कागद गुंडाळून पेन्सिल घासली आणि इंचभरात रेघा मोजल्या. तीनदा मोजल्या, सव्वीस. बीबीच्या नळकांड्याची रुंदी कॅलिपरने 71 मिलिमीटर आली. 24 आट्यांवाल्या सायकलींना ती बहुतेक 68 असते. वर्कसॉपच्या फ्रेमला 24 आटे आणि 68 मिळाले असते.

नंबरवर कोणी शंका घेतली असती तर आता ती जागा नाही. स्टिकर खोटं चिकटवता येतं. नंबरही ठोकता येतो, कोणाला तेवढा उद्योग असेल तर. पण सव्वीस आटे कोणी मुद्दाम कापत नाही. ते त्या कारखान्याचं जुनं हट्टी वळण होतं.

मे, तिसरा आठवडा

गाव ठरलं, आता मॉडेल. 1973 च्या सुमारास अमेरिकेत नॉटिंगहॅमच्या दहा गिअरवाल्यांत तीन नावं समोर येतात : रेकॉर्ड, ग्रां प्री आणि सुपर कोर्स. लांबून तिन्ही बहिणी-बहिणी. फरक नळ्यांत. पहिल्या दोन साध्या पोलादाच्या. सुपर कोर्सच्या मधल्या तीन मुख्य नळ्या 531 च्या, पण बटेड नाहीत, आरपार एकाच जाडीच्या. चिमटा आणि मागच्या काड्या साध्याच.

आतली जाडी बाहेरून कशी कळणार? सीटच्या दांडीवरून. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास या सगळ्यांत 28.6 मिलिमीटर. आत जेवढी जाड दांडी जाईल तेवढी नळीची भिंत पातळ. बटेड 531 मध्ये बहुधा 27.2 ची दांडी बसते. साध्या जाड पोलादात 25.4 च्या आसपास. माझ्या दांडीवर गंजाचा थर होता, तिच्यावर आकडा नव्हता. नळीच्या तोंडाशी चीर असते, तिथे ती दाबली जाते, म्हणून कॅलिपर थोडं आत घालून तीन ठिकाणी मोजलं आणि मित्राच्या पेटीतल्या दांड्या एकेक घालून बघितल्या. 25.4 खुळखुळली. 27.2 तोंडाशीच अडली. 26.4 थोडं ग्रीस लावल्यावर गुपचूप खाली गेली.

मधली. म्हणजे जाड पोलाद नाही आणि बटेडही नाही. सुपर कोर्स.

चिमट्याची नळी नखाने टिचकी मारून बघितली, तिचा आवाज मधल्या नळीपेक्षा बोदा येतो. हा काही पुरावा नाही, पण मला आवडला. ते स्टिकर अगदी खोटं नव्हतं, अर्धं खोटं होतं : 531 खरं, बटेड आणि चिमटा-काड्या खोटं. आजोबांचंही तसंच असेल. मेव्हणा खरा असेल, रेस नसेल.

पैशाच्या हिशेबात ही लॉटरी नाही. सुपर कोर्स हजारोंनी बनल्या. तरी प्रोफेशनल निघाली असती तर मी ती भिंतीवर टांगली असती आणि धूळ पुसत बसलो असतो. ही चालवणार.

मे अखेर

26 आट्यांचा नवीन बीबी शोधण्यात वेळ घालवायचा नाही असं ठरवलं. आटे कापून 24 करता येतात, पण मग 71 चं नळकांडंही घासून 68 करावं लागतं. पन्नास वर्षं टिकलेल्या फ्रेमवर तेवढी शस्त्रक्रिया मला नको. जुने कप डिझेलमध्ये रात्रभर ठेवले. डाव्या कपात एक खळगा आहे, उजवा स्वच्छ. आक चांगली. पाव इंची छर्रे दोन्ही बाजूंना अकरा-अकरा, ग्रीस, आणि पूर्वी होतं तसं जोडायचं.

अडलंय ते कॉटरवर. इथे मिळालेले दोन्ही मऊ निघाले, पहिल्याच चढाला क्रँक हलायला लागला. बाबांना परत फोन केला.

"साडेनऊचे ना?" बाबांनी विचारलं.

"हो, साडेनऊ मिलिमीटर."

"इथे मिळतात. आपल्या दुकानातला म्हातारा अजून घासून बसवून देतो. सपाट बाजू घासल्याशिवाय बसत नाही, कानस आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"मग किती पाठवू?"

"दोन लागतात."

"चार पाठवतो. एक तू वाकवणार, एक हरवणार."