तुम्ही विचारलंत म्हणून: स्टार्टर की रिलीव्हर?

"सर, पोरगं लय जोरात फेकते, त्याले सुरुवातीले लावू का शेवटी?" तालुक्याच्या बेसबॉल स्पर्धा जवळ आल्या की पालक हे हमखास विचारतात. सामना सुरू झाल्यापासून चेंडू टाकतो तो स्टार्टर पिचर, त्याच्या जागी मध्ये किंवा शेवटी येतो तो रिलीव्हर. माझं उत्तर ठरलेलं आहे: सतराव्या वर्षापर्यंत त्याला स्टार्टर म्हणूनच घडवा, सामन्यात एकच इनिंग (दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी) मिळाली तरी.

नुसत्या जोरावरून काही ठरत नाही. स्टार्टरसमोर तेच नऊ बॅटर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतात आणि पहिल्या फेरीत फास्टबॉलला चुकलेला बॅटर पुढच्या वेळी बरोबर टायमिंग साधतो. तिथे चेंजअप लागतो, म्हणजे फास्टबॉलसारखाच दिसणारा पण मंद येणारा चेंडू. चेंडू तळव्याकडे खोल धरायचा, हात मात्र फास्टबॉलच्याच वेगाने आणायचा. पोरं चेंडू मंद करायला हातच मंद करतात, मग चेंडू वर राहतो आणि मार बसतो. हे सुटायला महिने जातात. रिलीव्हरचं दोन प्रकारच्या चेंडूंवर भागतं, म्हणून चौदाव्या वर्षीच शेवटच्या इनिंगला बांधलेलं पोरगं तिसरा चेंडू शिकतच नाही. स्टार्टरचा रिलीव्हर नंतरही होतो. मारियानो रिवेरा 1995 मध्ये अमेरिकेतल्या यांकीज संघाकडून 10 सामन्यांत स्टार्टर होता; पुढे रिलीव्हर म्हणून त्याने 652 सेव्ह केले, म्हणजे तितक्यांदा शेवटी येऊन संघाची आघाडी राखली. क्रिस सेल हा दुसरा पिचर 2012 मध्ये उलटा गेला, रिलीव्हरचा स्टार्टर झाला. पण कॉलेजात तो स्टार्टरच होता.

शेवटी आणलं की हाताला आराम मिळतो, हाही गैरसमज. आपल्याकडे रिलीव्हर म्हणजे शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डिंगच्या जागेवरून) उचलून थंड हाताने माऊंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा केलेला पोरगा. आदल्या दिवशीचे चेंडू कोणी मोजलेले नसतात. अमेरिकेच्या पिच स्मार्ट नियमांत 13-14 वर्षांच्या मुलाला दिवसाला 95 चेंडूंची मर्यादा आहे. 20 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, 66 किंवा जास्त झाले तर चार दिवस सुट्टी. वहीत रेघा मारायला एक पोरगा बसवा, वॉर्मअपचे चेंडूही वेगळे लिहायला सांगा. पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी त्याला कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) करू नका. घरी ज्वारी राखायला गोफण फिरवत असेल तर तेही विचारा, खांदा तोच असतो.

माऊंडकडेही बघा. काळ्या मातीत पुढचा पाय रुततो किंवा भेगेत अडकतो, शरीर थांबतं आणि सगळा झटका कोपरावर येतो. पाय पडतो तिथली माती वीतभर काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोका.

सतराव्या वर्षी वही उघडा. पन्नासाव्या चेंडूनंतरही कॅचरचा ग्लव्ह फारसा हलत नसेल आणि तिन्ही प्रकारचे चेंडू स्ट्राइकला, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्यात, पडत असतील तर स्टार्टर. तिसाव्यालाच कोपर खाली येत असेल तर रिलीव्हर, आणि त्यात कमीपणा नाही.

त्याआधी कधीही कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणाला, तर त्याच क्षणी थांबवा. त्या वयात तिथलं हाड अजून कूर्चेने जोडलेलं असतं, ती ताणाने सुटते. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन कोपर ओढवू नका. जिल्ह्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरकडे न्या आणि एक्स-रे काढा.