रिकव्हरीत ठेवलंय

सराफ्यातल्या एका दुकानाच्या पायरीवर ते मला सापडले, तेव्हा दुपारचे पावणेचार झाले होते. मुठीत रुमालाची पुरचुंडी. मी गाडी लावली, शेजारी बसले आणि विचारलं, "बाबा, इकडं कशाला आलात? मावशी वाट बघायल्यात तुमची." त्यांनी मान वर केली नाही. "किती भरायचे तेवढं सांगा म्याडम. एवढं मोडून भागतंय का बगा." रुमालात बायकोचं डोरलं होतं.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. दिवसभर नातेवाइकांशी बोलणं हेच काम. कोणते कागद लागतील, रक्त कुठून आणायचं, रात्री कुठं झोपायचं, गावाकडं कुणाला कळवायचं. 2022 च्या मे महिन्यातली ही गोष्ट. बाबा माजलगावकडचे, वय सत्तरीच्या आसपास, तीन एकर ऊस. मावशी, म्हणजे त्यांची बायको, अंगणात घसरून पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं ठरलं.

बाबांचं रेशन कार्ड पांढरं होतं. तेव्हाच्या नियमानं मराठवाड्याचे आठही जिल्हे धरून एकूण 14 जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजना लागू होती, पण सोबत सातबारा लागायचा. मी त्यांना म्हणाले, "बाबा, फुले योजनेत बसवू आपण, फक्त सातबारा मागवून घ्या." पुतण्यानं तलाठ्याकडून उतारा काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. योजनेच्या कामासाठी रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रानं फाईल चढवली, मंजुरी आली. बाबा त्या दिवशी फार गप्प होते. मला वाटलं, बायकोची काळजी.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनी मावशींच्या अंगावरचे दागिने उतरवून बाबांच्या हातात दिले आणि मोजून सही घेतली. हे प्रत्येक पेशंटच्या बाबतीत करतात. कमरेखालची भूल दिली, ऑपरेशन नीट झालं. एकच्या सुमाराला थिएटरचे मामा दार किलकिलं करून म्हणाले, "रिकव्हरीत ठेवलंय, बसा बाहेर." आणि दार लागलं. ते वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणतात. मीही म्हणत आले होते.

अडीचला मावशींना वॉर्डात हलवायची वेळ झाली तर बाकावर बाबा नाहीत. फोन बंद. कँटीन, रक्तपेढी, मेडिकल, मारुतीचं मंदिर, सगळीकडं बघून आले. शेवटी गेटजवळचा चहावाला म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं सराफा कुठं म्हणून विचारलं की."

पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी आजही विसरलेले नाही. 2019 च्या डिसेंबरात सरकारनं कर्जमाफी जाहीर केली, दोन लाखांपर्यंतची. तिचं नाव महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. त्या यादीत बाबांचं नाव आलं होतं, पीककर्ज फिटलं होतं. आता दवाखान्यात एक बाई येते, फुले योजनेचं नाव काढते, सातबारा मागते, अंगठा लावून घेते. मग बायकोच्या अंगावरचं सोनं उतरवून हातात देतात. आणि चार तासांनी दारातून आवाज येतो, रिकव्हरीत ठेवलंय.

"मला वाटलं माफी रद्द झाली. पैशे भरल्याबिगर सोडणार न्हाईत हिला. आन् सोनं कामून काढून दिलं, तर मोडून आण म्हणून."

एकही कडी चुकलेली नव्हती. त्यांच्या जागी मी असते तरी हेच समजले असते, असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं.

दुकानदार भला माणूस होता. म्हातारा एकटाच आलाय, पावती नाही, हात थरथरतोय, हे बघून त्यानं "पोराला घेऊन या" म्हणत वेळ काढला होता. त्यानंच बाबांना पाणी दिलं.

गाडीवर मागं बसून येताना बाबा बोलत राहिले. महिनाभर त्यांच्या कानावर एकच शब्द आदळत होता. त्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला होता की मे लागला तरी फडच्या फड उभे होते. तुरे येऊन ऊस वाळत चालला होता. कारखान्याच्या स्लिपबॉयकडं तोडीसाठी गेलं की तो म्हणायचा, "आता रिकव्हरी पडली काका, शेवटी बघू." बाबांना या रिकव्हरीचं, म्हणजे उसातून किती साखर निघते त्याचं, गणित पक्कं ठाऊक होतं. टनाला शंभर किलो साखर म्हणजे दहा टक्के. त्या हंगामात दहाला टनामागं एकोणतीसशे रुपये भाव, साडेनऊच्या खाली गेली तर दोन हजार सातशे पंचावन्न, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. उन्हाळ्यात ऊस तोडून दोन दिवस पडून राहिला की वजनही जातं आणि साखरही. 1 मेनंतर गाळप होणाऱ्या उसाला उतारा घटीपोटी, म्हणजे साखर कमी निघते म्हणून, टनाला 200 रुपये द्यायचं सरकारनं ठरवलं होतं, तेही त्यांना माहीत होतं.

दुसरी रिकव्हरी रात्रीची. मोटारसायकलचे तीन हप्ते थकले होते आणि फायनान्सचा पोरगा साडेनऊला फोन करायचा, "रिकव्हरीतून बोलतोय." त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर असे फोन करू नयेत, असं वित्तसंस्थांना बजावलं. बाबांच्या मे महिन्याला त्याचा उपयोग नव्हता.

आणि तिसरी रिकव्हरी आमच्या दारातली.

मावशी शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. त्या खोलीत नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन थोड्या थोड्या वेळानं बघतात. कमरेखालची भूल असेल तर पाय हलायला लागले का ते तपासतात, भूलतज्ज्ञ हो म्हणाले की पेशंट वॉर्डात जातो. बाबांनी आधी मावशींच्या पायाचा अंगठा हलतो का ते पाहिलं आणि मग डोरलं परत गळ्यात घातलं. मावशी ओरडल्या, "कुठं उलथला होतात?" ते काही बोलले नाहीत. मीही सांगितलं नाही.

रात्री घरी हा शब्द डोक्यातून जाईना. आमच्या रुग्णालयाच्या आवारातच त्याचे किती अर्थ नांदतात! पोलीस चौकीतल्या जमादारांना तो चोरीच्या मालाचा, आरोपीनं दाखवून दिलेल्या जागेवरून पंचांसमोर जप्त करायचा. पगार शाखेत तो जादा गेलेल्या वेतनवाढीचा. माझ्याही पगारातून एकदा सहा महिने रिकव्हरी झाली होती, तेव्हा माझ्याही पोटात खड्डा पडला होता. कोरोनात तर पेपर रोज रिकव्हरी रेट छापत होते आणि आम्ही त्या आकड्यावर जगत होतो. इंग्रजीत सगळ्यांचं मूळ एकच आहे, गेलेलं परत मिळणं. पण कुणाचं गेलेलं, आणि परत कुणाला मिळणार? मावशींना त्यांचं भान परत मिळत होतं. फायनान्सला त्याचे पैसे हवे होते.

आपल्याकडं साखरेच्या रिकव्हरीला उतारा म्हणतात. उताऱ्याचेही अर्थ कमी नाहीत. तलाठ्याचा उतारा, परीक्षेतला उतारा, तिठ्यावर टाकलेला लिंबू-मिरचीचा उतारा. फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट अपघात विभागात येतो तेव्हा त्याची आई माझा हात धरून विचारते, "याच्यावर उतारा हाय ना?" तिथं ती सातबाऱ्याबद्दल बोलत नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. या शब्दाचे सगळे अर्थ बाबा लहानपणापासून ऐकत आलेले. रिकव्हरी मात्र त्यांच्याकडं नेहमी टेबलापलीकडच्या माणसाच्या तोंडून आली. आणि दर वेळी काहीतरी घेऊन जायला आली.

दुसऱ्या दिवशी मी थिएटरच्या सिस्टर इन्चार्जना भेटले. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. दारावरच्या पाटीखाली आम्ही ठळक रंगात लिहून घेतलं, "ऑपरेशननंतर लक्ष ठेवण्याची खोली. इथे पैसे लागत नाहीत." दागिने परत देताना 'भुलीच्या आधी काढावेच लागतात, सांभाळून ठेवा' एवढं म्हणायचं ठरलं. फुले योजना म्हणताना पुढं 'दवाखान्याची' जोडायची सवय मी स्वतःला लावली. ती लागायला वेळ गेला. मामांना मात्र वाक्य बदलायला सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, मी कधी विचारच केला नव्हता त्याचा." खरं म्हणजे मीही केला नव्हता.

मावशी बारा दिवस होत्या. एक दिवस थिएटरच्या बाहेरून जाताना बघितलं, बाकावर गेवराईकडची एक तरुण बाई रडत होती. नवरा आत होता. दारातून नुकताच कुणीतरी आवाज दिला असावा. बाबा तिच्या शेजारी बसले होते.

"रडू नको माय. तिथं पैशाचं काई नसतंय. पाय हालंस्तोर ठिवतेत, मग आणून देतेत."