शुक्रवारी १९, सोमवारी ७४
मी अजून चिडलेलोच आहे, हे आधी सांगून टाकतो. ऑप्शनसाठी, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांसाठी, शेअर गाळून काढायला खरं तर एक संध्याकाळ पुरली असती. माझे तीन शनिवार-रविवार गेले, तेही एका रकान्यापायी.

मला आयर्न कॉन्डोर करायचा होता. आजच्या भावाच्या वरचा कॉल (शेअर घेण्याचा हक्क) आणि खालचा पुट (शेअर विकण्याचा हक्क) विकायचा, आणि फार मोठा फटका बसू नये म्हणून त्यांच्याही पलीकडचे दोन विकत घ्यायचे. विकणाऱ्याला प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, जाड हवा; म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, आपली आयव्ही (शेअर किती हलेल याचा ऑप्शनच्या भावातून निघणारा अंदाज), चढलेली हवी. पण नुसत्या आयव्हीवर यादी लावली की कायम उड्या मारणारे तेच ते शेअर वर येतात. आयव्ही ४० म्हणजे एका शेअरसाठी वादळ, तर दुसऱ्यासाठी रोजचंच. म्हणून आजची आयव्ही त्या शेअरच्याच गेल्या वर्षभरात कुठे बसते ते पाहायचं. तीच आयव्ही रँक. मी स्क्रीनरमध्ये, म्हणजे शेअर गाळून देणाऱ्या साइटवर, ‘५० च्या वर’ असा फिल्टर लावला. बाकीचे फिल्टर दहा मिनिटांत झाले.

माझ्या नजरेत असलेला एक शेअर मात्र यादीत येईना. रँक १९. ठीक आहे, सोडून दिला. सोमवारी बघतो तर तोच शेअर पहिल्या पाचात, रँक ७४! मधल्या काळात काय घडलं? काही नाही. भाव तिथेच, आयव्ही शुक्रवारीही ३६ आणि सोमवारीही ३६. स्क्रीनरवाल्यांना लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘पान रिफ्रेश करून पाहा.’ केलं. ७४. स्क्रीनशॉट जोडून पुन्हा लिहिलं, तर ‘आमचा डेटा अचूक आहे.’ वैतागून दुसरा स्क्रीनर उघडला. तिथे त्याच शेअरची आयव्ही रँक ८६, आणि शुक्रवारीही ८६ च होती म्हणे. तीन आकडे, एक शेअर, नाव एकच.

शेवटी वर्षभराचे, म्हणजे २५२ सत्रांचे, आयव्हीचे आकडे स्वतः एक्सेलमध्ये घेऊन बसलो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण मला घाई. रँकचं गणित शाळकरी आहे: आजच्या आयव्हीतून वर्षाचा नीचांक वजा करा आणि उच्चांक-नीचांकातल्या फरकाने भागा, मग शंभराने गुणा. नीचांक २२, उच्चांक ९४. १४ भागिले ७२, म्हणजे १९. आता तो ९४ पाहा. वर्षापूर्वी कधीतरी एकाच दिवशी आयव्ही तिथवर उसळली होती. सोमवारी तो दिवस २५२ सत्रांच्या खिडकीतून मागे पडला. त्याच्या खालोखाल उच्चांक होता ४१. मग १४ भागिले १९, झाले ७४. शेअरमध्ये काहीच हललं नव्हतं, फक्त एक जुना दिवस गळून पडला होता. डेटा अचूक होता, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं; पण हे दोन ओळींत सांगायला काय जात होतं?

आणि ८६? ती रँक नव्हतीच. २५२ पैकी २१७ दिवस आयव्ही ३६ च्या खाली होती, त्याची ती टक्केवारी. याला पर्सेंटाइल म्हणतात. एखाद्या दिवसाच्या उसळीने ती फारशी हलत नाही. पाटी रँकची, माल पर्सेंटाइलचा! आता मी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतो. फरक मोठा दिसला की आधी जुनी उसळी शोधतो.

हे शोधून काढल्यावर इतका खूश झालो की बाकीचं बघायचं राहूनच गेलं. ते आठवेल तसं लिहितो. कंपनीचे निकाल एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शन संपण्याच्या तारखेच्या, आत येत असतील, तर आयव्ही त्यासाठीच चढलेली असते. निकालानंतर ती कोसळते खरी, पण भावही एका झटक्यात तुमच्या स्ट्राइकपलीकडे, म्हणजे ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावापलीकडे, जाऊ शकतो. तेव्हा निकालाची तारीख आधी. कव्हर्ड कॉल करणाऱ्यांनी (हातातल्या शेअरवर कॉल विकणाऱ्यांनी) लाभांशाची तारीखही पाहावी, कारण अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनमध्ये, जिथे हक्क एक्सपायरीआधी कधीही वापरता येतो, समोरचा लाभांशासाठी एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, त्याच्या) आदल्या दिवशीच शेअर उचलू शकतो. हो, आणि शेअरची उलाढाल मोठी म्हणजे ऑप्शनचीही मोठी, हे गृहीत धरू नका. मी धरलं होतं. ज्या स्ट्राइकमध्ये शिरायचं तिथला ओपन इंटरेस्ट (अजून खुले असलेले सौदे) आणि बिड-आस्क (घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव) पाहा, तेही बाजार चालू असताना. बंद झाल्यावर दिसणाऱ्या बिड-आस्कला फारसा अर्थ नसतो.

तिसऱ्या रविवारी रँक, पर्सेंटाइल, निकाल सगळं जुळवून यादी तयार केली. सोमवारी बाजार उघडल्यावर त्या लाडक्या शेअरची ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या ऑप्शनच्या भावांचा तक्ता, उघडली. विकायच्या कॉलला बिड २.१०, आस्क २.६०. मधल्या भावाच्या २१ टक्के निव्वळ फट, आणि कॉन्डोरच्या अशा चार ऑप्शनमध्ये शिरायचं, पुन्हा बाहेरही पडायचं. ज्याच्यापायी तीन आठवडे डोकं फोडलं, तो शेअर अर्ध्या मिनिटात यादीतून काढला.