शिशिरातली टेकडी: वही घेऊन जायचं तर

शिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत निघते. तिथपासून होळीपर्यंत पंधरा-सोळा दिवस मिळतात. चित्र काढणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या माणसानं पुण्याच्या टेकड्यांवर जायचं ते याच दिवसांत. जुलैत वेताळ टेकडीवर फोटोसाठी रांग लावणारी मंडळी फेब्रुवारीत "आता काय, सगळं वाळलंय" म्हणून फिरकत नाहीत. पावसाळी टेकडी फोटोत छान दिसते, पण वहीत उतरवायला बसलं की हिरव्यावर हिरवं आणि त्यावर परत हिरवं, एवढंच हाती लागतं. शिशिरात झाडाचा सांगाडा दिसतो. कोणती फांदी कुठून फुटली, कुठे मोडली, कुठून परत वर वळली, हे सगळं उघड असतं.

'काही सुचत नाही' म्हणून टेकडीवर गेलेला माणूस बहुतेकदा नुसता व्यायाम करून खाली येतो. कारण साधं आहे. तो 'निसर्ग' बघायला गेलेला असतो आणि निसर्ग हा विषय फार मोठा आहे. जाताना एकच बारीक काम ठरवून जावं: आज फक्त खोडांच्या साली, आज फक्त निष्पर्ण झाडावरची फुलं, आज फक्त वाळलेल्या गवताचे रंग. काम जितकं चिंचोळं, तितकं जास्त सुचतं.

वेळ महत्त्वाची. फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. त्याआधी दहा मिनिटं वर पोचलेलं असावं. साडेआठपर्यंत ऊन तिरपं असतं, सालीतली प्रत्येक भेग सावली टाकते. नऊनंतर उजेड सपाट होतो, मग चित्रात खोली येत नाही आणि आपण उगाच पेन्सिलीला दोष देतो. फांद्यांची रचना काढायची असेल तर सूर्याकडे तोंड करून बसा, झाड काळं दिसतं आणि बाह्यरेषा आपोआप मिळते. साल किंवा फुलं काढायची असतील तर सूर्य खांद्यामागे, थोडा बाजूला. संध्याकाळचा उजेडही सुंदर असतो, पण अंधार पडेपर्यंत टेकडीवर एकट्यानं रेंगाळू नये.

वर गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड वनीकरणात टेकड्यांवर भरमसाट लावलं गेलं. या दिवसांत त्याच्या नागड्या फांद्यांना फिकट गुलाबी फुलांचे घोस लगडतात. देशी झाडांची आवड असलेल्यांना तो डोळ्यांसमोर नको असतो, आणि त्यांचं चूक नाही, कारण त्याच्या दाटीत दुसरं फारसं काही वाढत नाही. मात्र रेखाटनाचा सराव करायला त्याच्या सरळसोट फांद्या सोप्या पडतात. सुरुवात तिथे करा आणि मग पुढे सरका.

पुढे म्हणजे सालई, मोई, धावडा, खैर, हिवर अशा झाडांकडे. वेताळ टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, खाली बसाल्ट, वर मुरमाचा पातळ थर. पाऊस जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्येच पडून जातो. उरलेले महिने झाडाला साठवलेल्या ओलीवर काढायचे असतात, म्हणून ते पानं टाकतं, कारण पाणी सर्वांत जास्त पानांतूनच उडतं. उथळ मातीमुळे इथली झाडं बुटकी, वाकडी आणि गाठाळ होतात. चित्रकाराला याहून चांगलं मॉडेल मिळणार नाही. सालईच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात, जखमेतून सुवासिक डिंक ओघळतो. डिंकाला हात लावलात तर वहीची पानं चिकटतील, एवढं लक्षात ठेवा.

निष्पर्ण झाडाचं चित्र हमखास खराट्यासारखं होतं. याचं कारण असं की फांदी बुंध्यापासून टोकापर्यंत सारखी निमुळती होत जाते, असा आपला समज असतो. नीट बघा: दोन फाट्यांच्या मधे फांदीची जाडी जवळजवळ तीच राहते, कमी होते ती फाटा फुटल्यावर. तेव्हा आधी फाटे कुठे आहेत तेवढे ठिपके मांडा, मग ते जोडा. फाट्याचा कोन अंदाजानं काढू नका. पेन्सिल हात लांब करून डोळ्यांसमोर उभी धरा आणि फांदी तिच्यापासून किती कललीय ते पाहा. फांद्यांच्या मधल्या आभाळाचे तुकडे काढले तर फांद्या आपोआप जागेवर येतात. आणि बारीक डहाळ्या सगळ्या काढायच्या नाहीत. कडेच्या चार-सहा पुरतात.

सामान कमी न्यावं. ए-५ आकाराची वही, कागद २०० जीएसएमच्या आसपास, म्हणजे जाडसर, एक एचबी आणि एक २बी पेन्सिल, पाण्याची टाकी असलेला ब्रश आणि तीन रंग: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). शिशिरातली टेकडी या तिघांत मावते. वाळलं गवत म्हणजे ऑकरमध्ये चिमूटभर सिएना. खोडाचा करडा सिएना आणि अल्ट्रामरीनच्या मिश्रणातून मिळतो, तयार काळा नकोच. खरी अडचण हवेची आहे. फेब्रुवारीत पुण्याची हवा इतकी कोरडी असते की रंग पसरवायच्या आत वाळतो आणि मधेच कडा उमटतात. उपाय म्हणजे कागद आधी स्वच्छ पाण्यानं ओला करायचा, एका वेळी तळहाताएवढाच भाग रंगवायचा आणि वही सावलीत धरायची. अर्धवट वाळलेल्या भागावर परत ब्रश फिरवला तर डाग पडणारच.

फुलांचं बघायचं तर हे दिवस म्हणजे चंगळ. काटेसावर, पांगारा, पळस, पांढऱ्या फुलांचा वारस, पिवळी सोनसावर, सगळी पानांआधी फुलतात. पानं आड येत नसल्यानं फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांना आणि कीटकांना सापडतात. शिवाय बहुतेकांच्या बिया उन्हाळ्यात तयार होऊन पावसाच्या तोंडावर जमिनीवर आलेल्या असतात. बहरलेल्या काटेसावरीखाली अर्धा तास बसलात तर दुसरा विषय शोधायला नको. भोरड्या, मैना, बुलबुल, शिंजीर, खारी, सगळ्यांची वर्दळ असते. भोरड्या हिवाळी पाहुण्या, एप्रिलपर्यंत परततात. तांबटाचं 'टुक टुक टुक' याच सुमारास वाढतं, कारण त्याचा विणीचा हंगाम सुरू होत असतो. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसलं तर तिथे नजर ठेवा.

पळस पुण्याच्या टेकड्यांवर तुरळक आहे, पण सापडला तर एक पडलेलं फूल उचलून जवळून बघा. देठाकडचा पेला मखमली, काळसर हिरवट तपकिरी. पाकळ्या पाच: एक मागे वळलेली मोठी, दोन बाजूच्या, आणि दोन मिळून झालेली बाकदार चोच. पाकळीच्या बाहेरच्या अंगावर बारीक रुपेरी लव असते, त्यामुळे तिरप्या उन्हात केशरी रंगावर धुकं बसल्यासारखं वाटतं. पळसाची चित्रं भडक होतात ती ट्यूबमधला नारिंगी तसाच थापल्यामुळे. आधी काळा पेला काढा, मग नारिंगीत अगदी किंचित अल्ट्रामरीन मिसळून बाहेरची बाजू, आणि शुद्ध नारिंगी फक्त आतल्या वळणावर.

लिहिणाऱ्यांसाठी गवत अधिक उपयोगाचं. पायमोज्यात घुसून वैताग देणारं कुसळ फेकू नका. एक टोक सुईसारखं, मागे काळपट तपकिरी लांब शेपूट, तिला पीळ. तळहातावर ठेवा आणि पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा. थोड्याच वेळात शेपूट हलायला लागते, पीळ उलगडत ती स्वतःभोवती फिरते. वाळली की परत पीळ घट्ट होतो. पेशींचे थर ओलाव्यानं कमी-जास्त फुगतात म्हणून हे घडतं, आणि पहाटेचा दमटपणा व दुपारचं ऊन यांच्या आलटापालटीत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं आवळून घेतं. हे बघताना जे दिसलं तेच लिहा, उपमा घरी गेल्यावर सुचतील. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, जागा आणि वारा कुठून येतोय एवढं असावं. पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली उभं राहिलात की या चार गोष्टींचं मोल कळतं.

काही धोके. वाळलेल्या वेलीवर तपकिरी मखमली शेंगा दिसल्या तर हात लावू नका, ती खाजकुइली असू शकते. लव लागलीच तर चोळायचं नाही, चोळल्यानं ती पसरते. चिकटपट्टी लावून उचलून काढायची आणि मग धुवायचं. आग्या मोहोळ असेल तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा यांतलं काही नको. गवत इतकं वाळलेलं असतं की विडीच्या एका थोटकानं वणवा पेटतो, त्यामुळे काडेपेटी घरीच. आणि तोडायचं काहीही नाही. खाली पडलेलं पुरेसं असतं. दाबून ठेवायला आणलेली फुलं वर्तमानपत्रात घालून पहिले चार दिवस रोज कागद बदलावा. पळस आणि सावर मांसल असल्यानं कागद बदलला नाही तर बुरशी धरतात. सावरीच्या पाकळ्या सुट्या करूनच दाबाव्यात.

पडलेल्या पळसाच्या दहा-बारा फुलांची शाईही होते. पेले काढून पाकळ्या एक कप पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा, पाणी अर्ध्यावर आलं की फडक्यातून गाळा आणि चिमूटभर तुरटी विरघळवा. पिवळा-केशरी रंग मिळतो. त्यातला चमचाभर वेगळ्या वाटीत काढून खायच्या चुन्याची निवळी थेंबभर घातलीत तर तो गडद नारिंगीकडे झुकतो. चुना एकदम सगळ्यात घालू नका, मागे फिरता येत नाही. बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. वास आला किंवा वर तवंग धरला की ओतून टाका. कागदावरचा हा रंग उन्हात उडतो, तेव्हा ते पान भिंतीवर न लावता वहीतच मिटलेलं असू द्या.