उधारीची वही आणि अँकी

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी लक्षात आलं, अँकीनं (प्रश्न-उत्तरांची कार्डं ठरावीक अंतरानं उजळणीला दाखवणारं ॲप) नवीन कार्डं द्यायचं बंद केलंय. रोज ६० लावली होती, येत होती शून्य. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेसाठी पाच हजारांवर कार्डं जमवली होती आणि ॲप म्हणतंय, आज काही नवीन नाही. ॲप काढून पुन्हा टाकणार होते. टाकलं नाही हे नशीब, कारण सिंक, म्हणजे कार्डांची प्रत सर्व्हरवर ठेवणं, मी तोवर एकदाही केलं नव्हतं.

कारण सेटिंगमध्ये सापडलं. रोजच्या उजळणीची मर्यादा मुळातच २०० असते, आणि उजळणीनंच ती भरली की नव्या कार्डांना जागा उरत नाही. मी मर्यादा ९९९९ केली आणि खरा आकडा समोर आला: ६४० कार्डं थकलेली. म्हणजे कितीतरी दिवस मी २०० कार्डं संपवून 'झालं आजचं' म्हणत झोपत होते आणि मागे ढीग वाढत होता.

सोलापूरच्या जोडभावी पेठेत आमचं किराणा दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी गल्ल्याशेजारी बसून कार्डं करते. त्या दिवशी माझा चेहरा बघून अप्पांनी विचारलं, "काय बघायलीस गं एवढं?"

मी दाखवलं. खाली चार बटणं: अगेन, हार्ड, गुड, इझी. प्रत्येकावर काळ लिहिलेला. नव्या कार्डावर अगेन म्हणजे १ मिनिट, गुड म्हणजे १० मिनिटं, इझी म्हणजे थेट ४ दिवस. "हे कोण ठरवतंय, तेच कळेना अप्पा."

"पत बघून ठरवत असंल की," म्हणाले आणि उधारीची वही पुढे सरकवली. नव्या गिऱ्हाइकाला एक दिवसाची उधारी. वेळेवर दिलं तर आठवड्याची, मग पगाराची. बुडवलं की परत रोखीवर.

अगदी तसंच निघालं. अँकीची जुनी पद्धत मुळात पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ सालच्या एसएम-२ या उजळणीच्या सूत्रावर बेतलेली आहे. कार्ड पहिल्यांदा पाठ झालं की १ दिवसानं येतं. मग दर वेळी गुड दाबलं की अंतराला 'ईज'नं गुणायचं. सुरुवातीचा ईज २५० टक्के, म्हणजे अडीचपट. म्हणून १, मग साधारण ३, मग ७-८, मग २० च्या आसपास, मग दीड महिन्याच्या पुढे. एकदम टाकलेली कार्डं एकाच दिवशी परत येऊ नयेत म्हणून त्यात दिवस-दोन दिवसांचा फेरफार ॲप स्वतःच करतं. ईज हीच त्या कार्डाची पत. अगेन दाबलं की ती २० नं उतरते, हार्डनं १५ नं, इझीनं १५ नं चढते. १३० च्या खाली मात्र जात नाही.

इथं माझी चोरी सापडली. उत्तर आठवलं नाही तरी मी हार्ड दाबत होते. अगेन दाबायला जिवावर यायचं, नापास झाल्यासारखं वाटायचं. पण हार्ड म्हणजे 'आठवलं, पण कष्टानं'. विसरलेलं कार्ड हार्ड दाबल्यामुळे परत पहिल्या दिवसावर न येता १.२ पटीनं आणखी लांब जात होतं. वर पत घसरत होती ती वेगळीच. आठ वेळा हार्ड दाबलं की २५० चे १३० होतात. मग ते कार्ड पुढे खरंच पाठ झालं तरी १० दिवसांवरून २५ वर न जाता १३ वर जातं. ६४० मधली निम्मी गर्दी अशीच जमली असणार. उरलेली रोजच्या ६० नव्या कार्डांच्या हावरटपणाची.

अप्पांची वही एका ठिकाणी मात्र उपयोगी पडली नाही. १० दिवसांचं कार्ड मी २० दिवसांनी बघितलं आणि तरी आठवलं, तर अँकी खूश होतं. उशिराचे निम्मे दिवस धरून १५ ला अडीचनं गुणतं आणि ३७-३८ दिवस देतं. "उशिरा दिलेल्याची पत वाढते?" अप्पा म्हणाले. "दुकान बुडंल की!" पण इथं तेच बरोबर आहे. इतके दिवस न बघता टिकलं, म्हणजे ते पक्कं होतं. हे कळल्यावर ६४० ची भीती अर्धी कमी झाली.

नवीन कार्डं शून्यावर आणली आणि तीन आठवडे फक्त थकबाकी. नंतर एफएसआरएस चालू केलं. ही नवी पद्धत २०२३ पासून अँकीतच मिळते. तिच्यात ठरावीक गुणाकार नाही, तुमच्या जुन्या उत्तरांवरून ती प्रत्येक कार्ड किती दिवस टिकेल ते काढते. आठवण्याची शक्यता ९० टक्क्यांवर उतरेल तेव्हा कार्ड पुढ्यात. मी हावरटपणे ते ९५ केलं, तर अंतरं निम्म्याहून खाली आली. मुकाट्यानं परत ९०. माझा हार्डवाला इतिहास तिनं खरा मानू नये म्हणून अमुक तारखेआधीचं धरू नकोस, असंही सांगता येतं. तेही केलं.

(रात्री बारानंतर अभ्यास करणाऱ्यांसाठी: अँकीचा दिवस पहाटे ४ ला बदलतो. सोलापूरच्या मे महिन्यात दोनला जागं राहणाऱ्यांना हे माहीत हवं.)

खरं बटण दाबायला लागल्यावर काही दिवसांनी एक कार्ड आपोआप बाजूला पडलं. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी 'लीच' म्हणतं. लीच म्हणजे जळू. कार्ड कुठलं, तर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे. चार हुतात्मा चौकातून मी रोज स्कूटी काढते! दर वेळी तीन नावं यायची आणि चौथं अडायचं, आणि अडणारं नाव दर वेळी वेगळं. दोष कार्डाचा होता. एका कार्डात चार नावं, तारीख आणि तुरुंग कोंबले होते. फोडून सहा कार्डं केली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन लगेच पक्के झाले. श्रीकिसन सारडांचं कार्ड आणखी दोनदा अगेनवर गेलं आणि काल २१ दिवसांवर पोहोचलं.

आता रोज १२ च नवीन. दुपारी मोबाईल काढला की अप्पा वहीतून मान वर न करता विचारतात, "आज वसुली किती?"

"एकशे आठ."

"आमची त्याहून जास्त हाय," म्हणतात आणि पान उलटतात.