साकु

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप येईना म्हणून लिहायला बसले. आज नर्सिंगच्या क्लासमध्ये मॅडमनी इच्छामरणाचा विषय काढला आणि कोणाकोणाला मान्य ते हात वर करा म्हटलं, निम्म्याहून जास्त हात वर गेले. शेजारची म्हणाली, "एवढा त्रास असेल तर सोडवायचं की गं, त्यात काय." माझा हात वर गेला नाही, पण मनातून नाही असंही म्हणवत नव्हतं.

कितीतरी जणींना इंजेक्शन देऊन जीव घेणं आणि व्हेंटिलेटर काढणं एकच वाटतंय. पहिलं आपल्याकडे गुन्हाच आहे. दुसऱ्याला सुप्रीम कोर्टाने २०११ ला वाट दिली, २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ ला नियम सोपे केले, आणि जानेवारी २०२५ ला आपल्या कर्नाटक सरकारने त्यावर आदेशही काढला. २०११ ची केस अरुणा शानबागची, ती आपल्याच कर्नाटकातल्या हळदीपूरची, मुंबईत केईएम हॉस्पिटलला नर्स. हल्ल्यात मेंदूला इजा होऊन ४२ वर्षं पडून होती आणि तिथल्या नर्सेसनी एवढं बघितलं की अंगाला बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, नव्हता. तिचं खाणं थांबवा म्हणून अर्ज झाला तेव्हा नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या. आमच्या वर्गात हे कोणीच बोललं नाही, मला वाईट वाटलं.

कारण परवाचं डोक्यातून जात नाही. बैलहोंगलकडचे आजोबा, कॅन्सर हाडात गेलेला. दोन तासांनी कुशीवर वळवायचं होतं, मी टाचेखाली उशी सरकवत होते तर त्यांनी माझं मनगट धरलं, "साकु अव्वा, साकु." कन्नडात पुरे म्हणाले. मला वाटलं मरण मागतायत, हातपाय गार पडले. सिस्टरना सांगितलं, त्यांनी चार्ट बघितला तर दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी दोन तास राहून गेलेली. गोळी दिली, तासाभराने आजोबांनी चहा मागितला, साखर जास्ती.

म्हणजे रोजच चहा मागतील असं नाही, एखाद्या दिवशी साकु म्हणजे खरंच सगळंच साकु असेल आणि तेव्हा ट्यूबा लावत बसणं मला तरी पटणार नाही. पण गोळीच्या आधीच्या साकुवर मी हात कसा वर करू?

उद्या सकाळी आधी त्यांच्याकडेच जाणार, काय साकु ते विचारणार. माझं कन्नड बाजारापुरतं, शेजारच्या खाटेजवळच्या अक्कांना सोबत घेईन.