ही रेघ कुणाची?

अण्णांनी सांगलीत तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांच्या हाताखाली लहानपणी चार अक्षरं भरली होती, तेवढ्या भांडवलावर मी चीनमधल्या जिंगदेझनला निळ्या-पांढऱ्या पोर्सेलिनवरचं, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांवरचं, चित्रकाम शिकायला गेलो. नोकरी शांघायला, सुट्टी आठवडाभराची. आणि ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिलेल्या दोन फुलदाण्या काही केल्या डोक्यातून जात नव्हत्या. त्रेसष्ट सेंटिमीटरहून उंच, कानांच्या जागी हत्तीची तोंडं, अंगावर ड्रॅगन आणि मानेवर केळीची पानं. त्या पानांतच कोरड्या हिशेबासारखा मजकूर लिहिलाय, की 1351 मध्ये कुणा एकानं त्या देवळाला वाहिल्या. ही जोडी जमवणारे सर पर्सिव्हल डेव्हिड 1892 साली आपल्या मुंबईत जन्मलेले, हे मला तिथल्या पाटीवर नाही, नंतर कळलं.

शिकवणाऱ्या बाईंनी (सगळे त्यांना 'लाओशी', म्हणजे शिक्षक, म्हणत, मीही म्हणालो) पहिल्या दिवशी हातात कच्ची बशी दिली. वाळलेली, न भाजलेली. मी पाटी धरतो तशी कडेला धरली आणि तुकडा हातात आला. ज्या पांढऱ्या मातीला जग काओलिन म्हणतं, तिचं नाव इथून जवळच्याच काओलिंग गावावरून पडलंय. त्या मातीचा माझा पहिला अनुभव म्हणजे बोटांत राहिलेला चुरा.

मग रंग. वाटीत निळं काही नव्हतंच. काळपट राखाडी चिखल, तो कडक चहाच्या पाण्यात कालवलेला. हा कोबाल्टचा रंग झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली, तेराशे अंशांच्या आसपास तापला की निळा होतो, तोवर आपण नुसत्या भरवशावर रंगवायचं. आराखडा पेन्सिलीनं काढायचा, त्या रेघा भट्टीत जळून जातात. मी कमळवेल निवडली. सोपी वाटली होती.

खरी अडचण रेघेची. पत्र्यावर ऑइलपेंट चुकला की अण्णा रॉकेलचा बोळा फिरवायचे, काम पुढे चालू. कच्ची माती कुंचल्यातलं पाणी क्षणात पिते. हात जरा थबकला की तिथं टपोरा ठिपका. पुसायचा प्रश्नच नाही, पात्यानं खरवडायचं आणि खरवडलेली जागा भाजल्यावर चुगली करणार. दोन दिवस मी फक्त पाकळीची कड काढत होतो.

तिसऱ्या दिवशी पाण्याची भरणी आली. आतल्या छटा एका जाड, फुगीर कुंचल्यानं भरतात, त्याला तिथं 'कोंबडीचं डोकं' म्हणतात. रंग पाच पातळ-दाट छटांचा करून ठेवलेला. कुंचला मातीला टेकवायचाच नाही. टोकाशी लोंबणारा थेंब टेकवायचा आणि तो थेंबच रेघेच्या आतून फिरवत न्यायचा. उरलेलं पाणी कुंचल्यानंच उचलून घ्यायचं. वाटीतला कोबाल्ट तळाशी बसतो, म्हणून दर वेळी ढवळायचं. मी ढवळायला विसरलो, त्यामुळे एक पान फिकं आणि शेजारचं काळंकुट्ट.

पहाटे बॅटऱ्या घेऊन खापरांच्या बाजारात गेलो होतो. निळ्यात काळे ठिपके असलेला एक तुकडा मला फार जुना वाटला. चीनमधल्या मिंग घराण्याच्या सुरुवातीच्या काळातल्या (चौदावं-पंधरावं शतक) आयात कोबाल्टमध्ये लोह जास्त असे, त्यामुळे रंग साचेल तिथं काळे डाग उमटत. लाओशींनी तुकडा उजेडात तिरका धरला. ठिपके मुद्दाम कुंचल्यानं टिपलेले होते. अठराव्या शतकातले कारागीरही जुन्यासारखं दिसावं म्हणून असंच करत, त्या म्हणाल्या, हा मात्र त्यांचाही नाही. पैसे वाचले.

बशीच्या काठाचं दुहेरी वर्तुळ राहिलं होतं. ते लाओशींनी मला करूच दिलं नाही. बशी चाकावर मधोमध बसवली, चाक फिरवलं, कुंचला स्थिर धरला. एका श्वासात दोन्ही वर्तुळं. 1712 मध्ये इथल्या कामाबद्दल पत्र लिहिणारा फ्रेंच पाद्री दांत्रकोल सांगतो, की एक माणूस फक्त काठाचं वर्तुळ ओढतो, दुसरा फुलांची रेघ काढतो, तिसरा ती भरतो. जिथं काठाच्या वर्तुळालासुद्धा वेगळा माणूस होता, तिथं आठवडाभराचा पाहुणा सगळी कामं एकटा करायला निघाला होता.

भट्टी उघडली तेव्हा बशी बरीच आकसून आली होती. दाट रंगाच्या पानावरची झिलई मागं सरकली होती. चार कमळांपैकी एक मात्र खरोखर निळं होतं, कडेला गडद आणि आत धुक्यासारखं.

दिवाळीला ती बशी सांगलीला नेली. अण्णांनी चष्मा लावून कमळं पाहिली, काही बोलले नाहीत. मग काठावरून अंगठा फिरवला, एक आख्खा फेरा.

"ही रेघ तुझी न्हवं," म्हणाले.